‘अकी’ : संपादित, अंगीकृत की संचित?

प्रश्न : युरोपीय संघात येणाऱ्या देशाला संघाचं ‘अकी’, म्हणजे संघात आजवर साठलेले सगळे कायदेकानू, मान्य करावं लागतं. त्यासाठी एका लेखात ‘संपादित कायदे’ असं वाचलं. बरोबर आहे का? ‘अंगीकृत’ चालेल का?

उत्तर : अर्थ चुकलेला नाही, पण शब्द फसवा आहे. फ्रेंच ‘अकी’ म्हणजे मिळवलेलं, भूसंपादनातलं संपादन तेच. मात्र नुसतं ‘संपादित’ म्हटलं की संपादकाची कात्री डोळ्यांपुढे येते, आणि इथे नेमकी तीच चालत नाही. करार, कायदे, न्यायालयाचे निवाडे, सगळं बाड नव्या सदस्याने आहे तसं घ्यायचं. क्रोएशियासाठी त्याची ३५ प्रकरणं पाडली होती. ती पार करून तो देश १ जुलै २०१३ रोजी संघात आला. याला ‘वाटाघाटी’ म्हणतात खरं, पण घासाघीस बहुतेक मुदतीवर. शेतजमीन संघातल्या परदेशी नागरिकांना विकण्यावरचे निर्बंध पोलंडने १२ वर्षं टिकवले, ते अशाच सवलतीतून.

‘अंगीकृत’ आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे. पण ते संविधान आपल्याच संविधानसभेने घडवलं. इथे मजकूर आधीच्या सदस्यांचा. ‘मिळकत’ अर्थाने जवळचा, पण पुणेकराला लगेच कराचं बिल आठवेल. माझं मत ‘कायदेसंचित’ला. आपण नसताना साठलेलं आणि वाट्याला आलं की चुकवता न येणारं, ते संचित. कर्मविपाकाची छटा येते, येऊ द्या.

क्रियापदही जपून वापरावं. संघाचे ‘विनियम’ सदस्य झाल्या दिवसापासून थेट लागू होतात. ‘निर्देश’ मात्र देशाला स्वतःच्या कायद्यात उतरवावे लागतात. दोन्हींना सरसकट ‘स्वीकारले’ म्हटलं की हा फरक बुडतो.

थेट लागू होण्यालाही भाषेची अट आहे. चेक प्रजासत्ताक १ मे २००४ रोजी सदस्य झालं, तेव्हा संघाच्या बऱ्याच कायद्यांचा चेक मजकूर संघाच्या राजपत्रात आलेलाच नव्हता. वाइन आयात करणाऱ्या स्कोमा-लक्स कंपनीला सीमाशुल्क खात्याने दंड केला, तिने तो याच मुद्द्यावर लढवला. ११ डिसेंबर २००७ रोजी संघाच्या न्यायालयाने निकाल दिला : नव्या सदस्याच्या भाषेत राजपत्रात न छापलेल्या कायद्याची बंधनं तिथल्या व्यक्तींवर लादता येणार नाहीत. मजकूर इंटरनेटवर होता, ही सबब चालली नाही.