बाजार, व्यूहरचना आणि सिस्टिम्स थिंकिंगवरच्या संशोधनाचा प्रत्यक्ष धंद्यात काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रकल्पासाठी गाइडनी सिस्टिम्स थिंकिंगवरच्या (म्हणजे एकेक घटना सुटी न बघता सगळे भाग एकमेकांवर कसा परिणाम करतात ते बघण्यावरच्या) शोधनिबंधांचा गठ्ठा हातात दिलाय, आणि ते वाचून वाटतंय की हे नुसतं गोल-गोल बाणांचं चित्रकाम आहे, धंद्यात याला कोण विचारतो? तुमची शंका निम्मी बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहितो.

मी आधी दहाएक वर्षं एका कारखान्यात मालाचं नियोजन बघायचो, संशोधनाकडे नंतर वळलो. म्हणजे आधी चूक केली आणि मग त्या चुकीवरचा निबंध वाचला.

चूक अशी. एका सुट्या भागाचा तुटवडा पडला आणि पुरवठादार मागणीच्या साठ टक्केच माल द्यायला लागला. मी डोकं चालवलं: शंभर हवेत ना, मग एकशे सत्तर मागायचे, शंभर आपोआप पदरात पडतील. असं डोकं चालवणारा मी एकटा थोडाच होतो? बाकीच्या ग्राहकांनीही तेच केलं. पुरवठादाराला वाटलं मागणी उसळली. त्याने जादा पाळी लावली. दोन-अडीच महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम येऊन थडकला. गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि मी पुढची ऑर्डर शून्यावर आणली. इतरांनीही आणलीच असणार, कारण त्याची जादा पाळी लगेच बंद झाली. बैठकीत मी काय सांगितलं असेल? "बाजार फार अस्थिर आहे." आमचा तयार माल घेणाऱ्यांची मागणी या सगळ्या काळात जवळपास सपाट होती, हे मी कितीतरी उशिरा, जुने आकडे काढून बसल्यावर बघितलं.

१९९७ साली हाउ ली हे पुरवठा साखळीचे अभ्यासक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याच प्रकारावर निबंध लिहिला. साखळीत जसजसं ग्राहकापासून मागे कारखान्याकडे जावं तसतसे ऑर्डरींचे चढउतार वाढत जातात, चाबकाची मूठ जराशी हलावी आणि टोक सपकन उडावं तसे. त्यातलं गाजलेलं उदाहरण प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं. बाळं काही लाटेलाटेने डायपर वापरत नाहीत, दुकानांतली विक्रीही बऱ्यापैकी स्थिर होती. तरी वितरकांच्या ऑर्डरी वरखाली व्हायच्या आणि कंपनीने पुढे आपल्या पुरवठादारांना दिलेल्या त्याहून जास्त. निबंधात कारणं चार दिलीत: आलेल्या ऑर्डरीवरूनच पुढच्या मागणीचा अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकगठ्ठा देणं, सवलतींमुळे भाव हलणं आणि तुटवड्यात फुगवून मागणं. चौथं वाचताना माझा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही.

याची मुळं आणखी मागे आहेत. जे फॉरेस्टर हा मुळात विद्युत अभियंता, संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर काम केलेला. १९५६ मध्ये तो अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत आला. जनरल इलेक्ट्रिकच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या आणि काही वर्षांनी निम्म्या लोकांना घरी बसवावं लागायचं. व्यवस्थापक दोष देत मंदी-तेजीला. फॉरेस्टरने कागद-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवडा हिशेब मांडला आणि दाखवलं की बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली तरी कंपनीचे साठ्याचे आणि भरतीचे स्वतःचेच नियम हे झोके तयार करतात.

त्याच्या गटातून पुढे आला तो बिअर गेम. तुम्ही अजून खेळला नसाल तर निबंध बाजूला ठेवा आणि आधी तो खेळा. चार जण: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरीची चिठ्ठी पालथी करून पुढे सरकवायची. माल यायला काही आठवडे लागतात. पडून असलेल्या पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, मागणी येऊनही द्यायची थकलेल्या पेटीमागे एक डॉलर. ग्राहकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला चार पेट्या असते, एकदाच आठ होते आणि मग शेवटपर्यंत आठच राहते. बस्स, सगळ्या खेळात एवढाच काय तो बदल.

मी वितरक होतो. सातव्या-आठव्या फेरीपर्यंत माझ्याकडचा साठा संपला, थकबाकी वाढायला लागली, आणि मी चाळीस पेट्यांची चिठ्ठी सरकवली. पुढच्या फेरीला माल नाही, म्हणून पुन्हा चाळीस. आधीचे चाळीस वाटेत आहेत हे मला माहीत होतं, वहीत लिहिलेलंही होतं. तरी हात थांबला नाही. खेळ संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी असेल ते काढायला सांगितलं, तेव्हा मी डोंगर-दऱ्या काढल्या. जॉन स्टरमन या एमआयटीच्याच संशोधकाने १९८९ च्या निबंधात असे कितीतरी खेळ तपासले: संघांचा खर्च सरासरीने किमान शक्य खर्चाच्या दहापट निघाला, आणि मुख्य चूक हीच, मागवलेला पण न पोचलेला माल हिशेबात न धरणं.

आता बाजाराकडे या. एडवर्ड चेंबरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये वर्गातच खोटा बाजार भरवला होता. मुलं फिरत-फिरत दोघादोघांत सौदे करायची, आणि भाव सिद्धांतात सांगितलेल्या ठिकाणी काही बसेना. त्या वर्गात बसलेला व्हर्नन स्मिथ पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्याने एकच गोष्ट बदलली: सगळ्या बोली मोठ्याने, सगळ्यांसमोर. आणि तोच डाव पुन्हापुन्हा. मोजकी माणसं, दुसरा कोणत्या भावापर्यंत ताणेल ते कुणाला ठाऊक नाही, तरी काही फेऱ्यांत भाव समतोलाजवळ, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात तिथे, येऊन बसला. १९६२ मध्ये हे छापून आलं, २००२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मला यातलं मोलाचं वाटतं ते असं की बिअर गेममध्ये हातघाईला येणारा विद्यार्थी आणि इथे शहाण्यासारखा भाव काढणारा विद्यार्थी यांच्यात अकलेचा फरक नाही. एका ठिकाणी माहिती तोंड मिटून बसलेली आणि परिणाम उशिरा. दुसरीकडे सगळं उघड आणि तिथल्या तिथे. (पण स्मिथवर फार खूश होऊ नका. त्याने आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की वस्तूऐवजी पुन्हा विकता येणारा रोखा ठेवला, तर लाभांश सगळ्यांना ठाऊक असूनही फुगा फुगतो आणि फुटतो.)

व्यूहरचनेवरच्या संशोधनाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. तिथला जुना वाद: नफा कोणत्या उद्योगात आहात यावर ठरतो की तुम्ही काय करता यावर? रिचर्ड रुमेल्ट या व्यूहरचनेच्या अभ्यासकाने १९९१ मध्ये अमेरिकी कारखानदारीच्या आकड्यांवरून काढलं की नफ्यातल्या तफावतीपैकी सुमारे ८ टक्के उद्योगाच्या टिकाऊ फरकांमुळे, सुमारे ४६ टक्के त्या-त्या व्यवसायाच्या स्वतःच्या फरकांमुळे. १९९७ मध्ये मॅकगाहन आणि पोर्टर यांनी कारखानदारीबाहेरचे उद्योगही धरले, तर ते आकडे १९ आणि ३२ झाले. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत. पण "व्यवसायाचे स्वतःचे फरक" या पोत्यात नेमकं काय भरलंय, हे टक्केवारी सांगत नाही. आणि यशस्वी कंपन्याच तेवढ्या निवडून त्यांचे गुण मांडणारी पुस्तकं तर सोडूनच द्या. बुडालेल्यांकडेही तेच गुण होते का, हे त्यात कुणी बघितलेलं नसतं.

तुमची निम्मी शंका बरोबर म्हटलं ती बाणांच्या चित्रांसाठी. कशाचाही कशाशी बाण जोडता येतो. चित्रात उशीर किती आणि साठा किती हे आकड्यांत नसेल, तर ते चूक ठरवताच येत नाही. असला प्रकल्प करू नका.

त्याऐवजी एखादी कंपनी दोनच रकाने द्यायला तयार होते का बघा: तिच्याकडे आलेल्या आठवडावार ऑर्डरी आणि तिने पुरवठादाराला दिलेल्या. वर्ष-दोन वर्षांचे पुरेत. दोन्हींचा व्हेरिअन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढा, दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर एकाच्या बरंच वर गेलं, तर वरच्या चार कारणांपैकी कोणतं ते शोधायला नियोजन बघणाऱ्या माणसासमोर बसा. तो आधी म्हणेल, "बाजारच तसा आहे हो." तेव्हा त्याला त्याचा पहिला रकाना दाखवा.