पुण्यात कॉलेजमध्ये रोइंग करतोय. २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत जाता येईल का?

"वय १९, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, बोट क्लबवर रोज जातो, उशीर झालाय का?" असं विचारलंय तुम्ही. झालेला नाही. पण हिशोब करून ठेवा.

या गटात ज्या वर्षी २२ पूर्ण होतात, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत उतरता येतं. जन्म जानेवारीतला असो की डिसेंबरातला, वर्ष तेवढंच धरतात. म्हणजे तुमच्याकडे तीनेक मोसम आहेत.

मीही चार वर्षं मुळा नदीवर वल्हवलं. जलपर्णी वल्ह्याला अडकली की निम्मी सकाळ ती सोडवण्यात जायची. रेगाटाला, म्हणजे बोटींच्या सोहळ्याला, काठावरून टाळ्या पडायच्या आणि आपण फार भारी आहोत असं वाटायचं. तो भ्रम अर्गने, म्हणजे रोइंग मशीनने, उतरवला. १२०० मीटरपर्यंत मी ऐटीत होतो. मग पडद्यावरचा दर ५०० मीटरला लागणाऱ्या वेळेचा आकडा १:५२ वरून २:०४ वर घसरला, मांड्या दगड झाल्या. संपल्यावर पट्ट्यांतून पाय न काढताच आडवा पडलो. २००० मीटरला ७:४७! जागतिक पातळीवरचे दणकट पुरुष हेच अंतर सहा मिनिटांच्या आत मारतात.

जागतिक स्पर्धेतही शर्यत २००० मीटरचीच असते, एकदम सरळ पाण्यात. त्यामुळे सजवलेल्या पंटचे (सपाट तळाच्या बोटींचे) फॉर्मेशन वगैरे मजेसाठी ठेवा (मजा येते, नाही म्हणत नाही) आणि स्कल, म्हणजे प्रत्येक हातात एक वल्हं, नीट शिकून घ्या. एकट्याच्या बोटीत चूक दुसऱ्यावर ढकलता येत नाही. वजन कमी असेल तर एक लक्षात घ्या: पॅरिस २०२४ नंतर हलक्या वजनाच्या शर्यती ऑलिंपिकमधून गेल्या.

आणि हा गट हुकला तरी खचू नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी लष्करात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आल्यावर वल्हं हातात घेतलं. तेव्हा ते एकविशीत होते. २०१६ ला रिओत एकेरी स्कलमध्ये तेरावे आले, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण.

निवड चाचण्यांची चौकशी राज्य संघटनेकडे करा. त्याआधी या आठवड्यात अर्गवर २००० मीटर मारा, आकडा आणि उंची इथे लिहा, मग पुढचं सांगतो.