वकिलांच्या वर्गात एक इंजिनिअर

"मॅडम, वर्गात निम्मे वकील आहेत. मला हे जमणार नाही."

नोकरी सांभाळून सायबर कायद्याच्या पदव्युत्तर पदविकेला बसलेले आयटीतले, बँकांतले, हॉस्पिटलांतले लोक सध्या हेच वाक्य घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आल्यापासून तर जास्तच. म्हणून मीनलबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

मीनल चाळिशीची, पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हरची सुरक्षा बघणारी. फी बुडाली तरी चालेल, पण सोडते, इथवर आली होती.

"नेमकं काय जमत नाही?"

तिने पर्समधून कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेलं पुस्तक, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट काढला. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43-अ. समासात पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह, इतकं गिरवलेलं की कागद फाटायला आला होता.

"हे बघा. कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हयगय केली आणि कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई. वाजवी म्हणजे किती? ना आकडा, ना यादी. वकील माना डोलावतात आणि माझ्या डोक्यात काही शिरत नाही. माझी बुद्धीच तशी नाही."

"त्यांच्या डोक्यात शिरलंय, हे कशावरून?"

"विचारलं नाही कधी."

"मग विचारून या."

पुढच्या भेटीत ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागली. शेजारच्या वकिलानेही हात वर केले होते. "ते कोर्ट ठरवेल," म्हणाला, आणि उलट तिलाच विचारलं, तुमच्याकडे वाजवी कशाला म्हणतात? मग ती कॅन्टीनमध्ये लॉग, बॅकअप, कुणाला कुठला अ‍ॅक्सेस, यावर बोलत सुटली होती.

"आणि कोर्टाला कोण सांगणार?"

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. "आमच्यासारखंच कुणीतरी."

त्यानंतर या कलमाखालचे 2011 चे नियम तिने स्वतःच शोधले. त्यात वाजवी सुरक्षेचं उदाहरण म्हणून आयएसओ 27001 हे माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक नावानिशी दिलंय. त्याच मानकाच्या ऑडिटला ती ऑफिसात दरवर्षी सामोरी जाते.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणूस प्रसंगाने खचत नाही, प्रसंगाला जो अर्थ लावतो त्याने खचतो. पहिल्याच वाचनात कळलं पाहिजे, नाहीतर मी नालायक, ही मीनलची स्वतःकडे मागणी होती. ती सैल झाली तेव्हा मला जाणवलं, की ज्याला ती बुद्धीची उणीव समजत होती, तोच कायद्याचा खरा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम 66-अ रद्द केलं, त्यामागे त्या कलमाची मोघम भाषा हे एक मोठं कारण होतं. मोघमपणा खुपणं ही अभ्यासाची सुरुवात आहे, हे मी आता प्रत्येकाला सांगते. 43-अ वगळण्याची तरतूद 2023 च्या कायद्यात आहे, पण वाजवी सुरक्षेची अट तिथेही आहेच, आणि ती पाळली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत.

प्रवेशाआधी एक नीट समजून घ्या. या पदविकेने वकिलीची सनद मिळत नाही, त्यासाठी एलएलबीच लागतं. वकिली करायची असेल तर हा रस्ता नव्हे. कामात कायदा वापरायचा असेल तर बेधडक या. कुठलाही कायदा व्याख्यांच्या कलमापासून वाचा. खाजगीपणाच्या हक्काचा 2017 चा पुट्टास्वामी निकाल 547 पानांचा आहे, तो पहिल्या महिन्यात हातात घेऊन रडू नका. लहान निकाल घ्या, आणि काय घडलं, प्रश्न कुठला होता, उत्तर काय दिलं आणि का, एवढंच एका पानावर आपल्या मराठीत लिहा.

प्रकल्पाचा विषय आपल्या टेबलावरचा उचला. सायबर हल्ल्यांकडे बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते. रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर हे 6 तास नेमके कधीपासून मोजायचे, यावर मीनल लिहिते आहे.