एएनए निगेटिव्ह, सीपीके नॉर्मल, तरीही अँटी-सिंथेटेज?

दादा, तुमचं म्हणणं असं, की वहिनींचा एएनए (रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी) निगेटिव्ह आहे, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आहे, एकटी जो-१ ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. मग अँटी-सिंथेटेज सिंड्रोम (प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर, फुप्फुसांवर उठते तो आजार) धरून स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लगेच कशाला, उन्हाळ्यापर्यंत थांबलं तर? मी याच आजाराची पेशंट, आणि तुमच्यासारखीच ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. माझं मत विचाराल तर थांबू नका. सेकंड ओपिनियन जरूर घ्या, दिल्लीला एम्समध्ये किंवा लखनौला एसजीपीजीआयमध्ये ऱ्हुमॅटॉलॉजी (सांध्यांच्या आणि अशा आजारांचा विभाग) आहे, पण ते याच महिन्यात.

एएनए मुख्यतः पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतो. सिंथेटेज ही प्रथिनं बनवायच्या कामातली एन्झाइमं, ती असतात केंद्रकाबाहेर, पेशीरसात. जो-१ ही त्यांतल्याच एकाविरुद्धची अँटिबॉडी, त्यामुळे ती असूनही एएनए निगेटिव्ह येतो, यात नवल नाही. रिपोर्टात खाली कुठे 'सायटोप्लाझ्मिक' (म्हणजे पेशीरसातलं) असं छापलंय का तेवढं बघा. निगेटिव्ह वाचलं की लोक पान उलटतात. सीपीके तर स्नायूंपुरता. काहींचे स्नायू जवळपास ठणठणीत राहतात आणि फुप्फुसं मात्र सुजून कडक होत जातात. जिवाला घोर आहे तो फुप्फुसांचा, म्हणून बघायचे ते एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि पीएफटी (फुप्फुसांच्या ताकदीची चाचणी), त्यातही एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोरात सोडलेली एकूण हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात किती जातो त्याचं माप). तुम्हीच लिहिलंय, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी ग्राउंड ग्लास (सीटीत दिसणारी धुरकट झाक) आहे. मग सीपीके कितीही छान असेना!

वहिनींचे हात बघितलेत का? तर्जनीची अंगठ्याकडची कड बघा. माझी तिथली कातडी खरखरीत होऊन काळपट भेगा पडल्या होत्या, लिंबू पिळलं की झोंबायचं, आणि घरात सगळ्यांनी खापर भांड्यांच्या साबणावर फोडलं. डॉक्टर याला मेकॅनिक्स हँड म्हणतात. गारठ्यात बोटं आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात का, तेही विचारा. ते रेनॉ. आपल्याकडचा जानेवारी त्याला चांगलाच मानवतो. अशा गार बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा चुकीचा येतो, तेव्हा हात चोळून गरम करा आणि मग लावा. शिवाय बसल्या जागी ९७ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांना विचारून, कुणी सोबत असताना थोडं चालवा आणि मग आकडा लिहून ठेवा. चालल्यावर जो खाली येतो, तोच त्यांना हवा असतो.

थुंकीत काही न सापडताच टीबीची औषधं सुरू झाली होती, हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. माझंही तेच झालं. ताप, खोकला आणि छातीत डाग, म्हणजे आपल्याकडे आधी टीबीच. आता मात्र टीबी आणि हिपॅटायटिस बी दोन्ही नीट तपासून घ्या, कारण प्रतिकारशक्ती दाबली की दबून बसलेलं दुखणं डोकं वर काढतं.

स्टिरॉइडची भीती रास्त आहे: साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. मायकोफेनोलेट जोडीला देतात ते त्यासाठीच. त्याचा गुण यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, मग स्टिरॉइड हळूहळू उतरवता येतं. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करायचं नाही, कधीच नाही. वहिनींना मूल हवं असेल तर सुरू करण्याआधीच सांगा, मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियापासून बचावासाठी को-ट्रायमोक्झाझोल हे अँटिबायोटिक द्यायचं का, हेही विचारा.

गुळवेलीचे आणि 'इम्युनिटी' वाढवणारे काढे आत्याबाई पाठवतीलच. माझ्याकडेही आले होते. इथे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उठली आहे, तिला आणखी खुराक कसला?

धाप एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा. दिल्लीला जाताना सीटीची सीडी घेऊन जा, नुसता छापील रिपोर्ट नको; पुढच्या सीटीशी तुलना चित्रांवरून करतात. आणि पीएफटी झाली की एफव्हीसी, डीएलसीओचे टक्के इथे टाका.