सासूबाई साठीच्या पुढे आहेत, सही येते पण वाचता येत नाही. आता शिकवलं तर जमेल का? किती महिने लागतील आणि कोणतं पुस्तक घ्यावं?

जमेल. घरातले म्हणतात ना, "सही येते, आता या वयात आणखी काय करायचंय?" हेच वाक्य मी आमच्या काकांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

सही आली म्हणजे माणूस साक्षर झाला असं जनगणनासुद्धा मानत नाही. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. माझी मावशी झोकात सही करायची, पण कागदात काय आहे ते काका सांगतील तेवढंच तिला कळायचं.

पुस्तकाचं म्हणाल तर आधी घेऊच नका. मी मावशीच्या नावापासून सुरुवात केली, मग मुलांची नावं, मग औषधांच्या चिठ्ठीवरचे 'सकाळी' आणि 'रात्री'. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेइरी प्रौढांना असंच शिकवायचे: 'वीट'सारखा रोजच्या कामातला शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचं, मग त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाची बाराखडी. १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे ३०० जणांना ४० तासांत शिकवण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. आपल्याकडे जोडाक्षरं आहेत, वेळ जास्त धरा. मावशी पहिल्या वेलांटीला हमखास अडायची. वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून 'दिवा' ती 'इदवा' असा वाचायची. घ-ध आणि भ-म यांनी तर रडवलं. रफार सगळ्यात शेवटी घेतला.

वाचता यायला लागल्यावर तिने ट्रंकेतली जुनी पत्रं काढली. ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर जुळवत होती. तिच्या थोरल्या बहिणीच्या एका पत्रात शेवटी होतं, "तब्येत बरी नाही, एकदा येऊन जा." काकांनी पत्र वाचून दाखवलं होतं, ही ओळ सोडून. बहीण तोवर गेली होती. मावशीने ती ओळ पुन्हा वाचली आणि काकांना हाक मारून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचली. काका म्हणाले, "तुला उगाच त्रास नको म्हणून." मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. दुसऱ्याचं पत्र गाळून वाचणं म्हणजे त्याच्या वतीने परस्पर निर्णय घेणं. ज्याला वाचता येत नाही त्याला ते कळतही नाही, म्हणून तर शिकवायचं.

तेव्हा घरातल्यांशी वाद घालत बसू नका, आजच सासूबाईंच्या नावाने सुरू करा. त्या अडल्या तर चटकन सांगून टाकू नका, जुळवू द्या. नातवंडांसमोर चुका काढू नका.

हो, आधी डोळे तपासून घ्या, जवळचा चष्मा नसेल तर शिकवणी फुकट जाते. आणि बराच सराव होऊनही अक्षरं ओळखू येत नसतील, तर प्रौढांना शिकवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षकांना विचारा.