साठवलेला व्ह्यू ताजा कसा ठेवावा?

प्रश्न : पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आम्ही शाखावार विक्रीच्या बेरजांचा मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल, ठेवला आहे. तो दर तासाला रिफ्रेश (ताजा) करताना सर्व्हर मंदावतो आणि ‘कन्करंटली’ हा पर्याय वापरूनही वेळ कमी होत नाही. असे का होते?

उत्तर : २०१४ मध्ये ९.४ आवृत्तीत आलेल्या ‘कन्करंटली’च्या सोयीमुळे रिफ्रेश चालू असतानाही व्ह्यू वाचता येतो, एवढेच. मूळ क्वेरी मात्र पूर्ण चालते आणि त्यानंतर जुन्या व नव्या निकालांची तुलना होते, त्यामुळे वेळ वाढला तरी नवल नाही.

खरा उपाय म्हणजे केवळ बदलांचा हिशेब करणे. प्रत्येक शाखेची बेरीज आणि नोंदींची संख्या साध्या टेबलात ठेवावी. नवी नोंद आली की ट्रिगरने (नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडने) ती त्यांत मिळवावी, रद्द झाली की वजा करावी, दुरुस्तीत दोन्ही करावे. संख्या हवीच, कारण बेरीज शून्य झाली म्हणजे नोंदी संपल्या असे नव्हे. शिवाय सरासरीही आयतीच मिळते.

कमाल रक्कम मात्र इतकी सरळ नाही. सर्वांत मोठे बिल रद्द झाल्यास त्याखालचे कोणते, हे जुन्या कमाल आकड्यावरून कळत नाही; ते मूळ टेबलातच शोधावे लागते, म्हणून तेथे शाखा व रक्कम यांवर एकत्रित इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असावा.

गर्दीच्या शाखेत सगळे व्यवहार एकाच ओळीच्या लॉकसाठी खोळंबतील, कारण ती ओळ एका वेळी एकच व्यवहार बदलू शकतो. तसे झाल्यास बदल आधी वेगळ्या टेबलात नोंदवून दर मिनिटाला एकत्र लागू करावेत. मिनिटभराचा शिळेपणा तुमच्या तासाभराच्या मानाने काहीच नाही.