पूर ओसरल्यावर आधी काय?

प्रश्न : पूर ओसरून आठवडा झाला. बचावकार्य संपलं, मदतवाटप चालू आहे. पुनर्वसनाचं नंतर बघू, असं सगळे म्हणतात. हे टप्पे असे एकामागून एकच येतात का? आणि बुडालेल्या विहिरीचं पाणी कधी वापरायचं?

उत्तर : बचाव, मदत, पुनर्वसन हा क्रम कागदावरचा. प्रत्यक्षात तिन्ही कामं एकमेकांत मिसळलेली असतात. पुनर्वसनाचं बरंचसं नुकसान तर पहिल्या आठवड्यातच होतं. घाईत राडारोडा ओढ्यात लोटला की पुढच्या पुरात पाणी तिथेच तुंबतं. पडझडीचे फोटो आणि मोजमापं न घेता घर साफ केलं, तर भरपाई मागताना हातात पुरावा उरत नाही. म्हणून आधी नोंद, मग फावडं. धड विटा, पत्रे, लाकूड वेगळं काढा. पुढे बांधकामाला तेच लागेल.

छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हवं. संडास सुरुवातीला ५० जणांमागे एक चालतो, पण लवकरात लवकर २० जणांमागे एक करा.

आता विहीर. पाण्याचा उपसा सावकाश करा. भोवतालची माती पाणी पिऊन फुगलेली असते. आतलं पाणी एकदम काढलं तर तिच्या दाबाने बांधकाम ढासळतं. इंजिनाचा पंप विहिरीत कधीही उतरवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि खाली उतरलेला माणूस दगावतो.

गाळ काढून पाणी निवळलं की मगच ब्लीचिंग पावडर टाका, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो. ३० टक्के क्लोरीनची ताजी पावडर १,००० लिटरला सुमारे ३३० ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असेल, तर ते साधारण ९,४०० लिटर भरतं. म्हणजे ३ किलोंच्या आसपास. पावडर बादल्यांत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी ओता. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मात्र हमखास फसवते, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

किमान १२ तास विहिरीला कोणी हात लावू नये. मग पुन्हा उपसा करा. उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या खाली आला की पाणी वापरायला घ्या. भोवतालची घाण मुरत राहते, त्यामुळे पिण्याचं पाणी त्यानंतरही काही काळ घरोघरी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्या.